अडतीस सेंटांचा धनी : स्टीफन फॉस्टर

गीते लिहून पोट भरते का, असे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचारले तर कोणी हसू नये. अमेरिकेतील गीतकार स्टीफन फॉस्टर याच्यापुढे हाच प्रश्न जन्मभर उभा होता. त्याचे चरित्र वाचताना मला त्याच्या गीतांइतकीच त्याची हिशेबाची वही महत्त्वाची वाटली.

फॉस्टरचा जन्म ४ जुलै १८२६ रोजी पिट्सबर्गजवळ झाला. विसाव्या वर्षी, म्हणजे आज मी आहे त्या वयात, तो सिनसिनाटीला भावाच्या आगबोटींच्या पेढीत हिशेबनीस झाला. १८४८ मध्ये त्याचे 'ओ सुझाना' हे गीत छापले गेले व देशभर गाजले. अनेक प्रकाशकांनी ते परस्पर छापून पैसा केला. फॉस्टरच्या पदरी सुमारे शंभर डॉलर पडले.

त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते. गीत विकणे म्हणजे स्वरलिपीच्या छापील प्रती विकणे. १८४९ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या 'फर्थ, पाँड' या प्रकाशकांशी प्रतीमागे दोन सेंट रॉयल्टीचा करार केला. आता एकदा लिहिलेले गीत वर्षानुवर्षे उत्पन्न देऊ लागले, आणि नोकरी सोडून तो त्यावरच संसार चालवू लागला.

त्याची पुष्कळ गीते तोंडाला काळे फासून निग्रो गुलामांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या गायकांच्या खेळांसाठी होती. हा डाग त्याच्या नावावर आहे, तो लपवू नये. अशाच एका खेळाचा मालक क्रिस्टी याला त्याने १८५१ मध्ये 'ओल्ड फोक्स ॲट होम' या गीताचे कर्तेपण पंधरा डॉलरला विकले. रॉयल्टी फॉस्टरला मिळे, पण नाव क्रिस्टीचे छापले जाई. पुढच्याच वर्षी त्याने नाव परत मागितले. क्रिस्टीने दिले नाही. ते छापले गेले १८७९ मध्ये, फॉस्टर जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर!

खरी चूक मात्र १८५७ ची. खर्च उत्पन्नापुढे धावत होता. फॉस्टरने प्रत्येक गीताची मिळकत वहीत मांडली आणि पुढील सर्व हक्क सुमारे १८७२ डॉलरना विकून टाकले. आजची नड भागली, पण फळते झाड गेले. १८६० मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तेथे व्यसन जडलेले, पत्नी व मुलगी दुरावलेल्या. मिळेल त्या रोख रकमेला तो गीते देत राहिला. १३ जानेवारी १८६४ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो रुग्णालयात वारला. पाकिटात अडतीस सेंट होते.

१९४१ मध्ये अमेरिकेतील गीतकारांच्या संघटनेचा व नभोवाणी केंद्रांचा दरावरून तंटा झाला. केंद्रांनी संघटनेची गीते बंद केली आणि फॉस्टरची जुनी गीते पुनःपुन्हा वाजविली, कारण प्रताधिकार संपल्यामुळे ती फुकट होती.

आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटगीताच्या गीतकाराला व संगीतकाराला मोठा आधार दिला. गीत चित्रपटगृहाबाहेर, उदाहरणार्थ दूरचित्रवाणीवर, वाजले तर रॉयल्टीतील त्यांचा समान वाटा त्यांना निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. आपल्या महाविद्यालयातही चाली बांधणारे मित्र आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच : रोख रक्कम मोजण्याआधी करारातला हक्कांचा कलम वाचा, आणि समजला नाही तर आम्हा वाणिज्यवाल्यांना हाक मारा.