पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी

काश्मीरच्या खोऱ्यात 'करेवा' नावाची मातीची सपाट पठारे आहेत. केशर पिकते ते त्यांवरच. फार पूर्वी या खोऱ्यात विस्तीर्ण सरोवर होते आणि ही माती म्हणजे त्याचा गाळ. पण तसाच गाळ पीर पंजाल पर्वताच्या उतारावर दहा हजार फुटांच्या उंचीवरही सापडतो आणि त्यात चक्क शिंगाड्याचे अवशेष मिळतात! शिंगाडा खालच्या वुलर सरोवरात आजही अमाप होतो. एवढ्या उंचीवरच्या थंडीत तो तग धरणार नाही. मग हे अवशेष तेथे कसे? डॉ. बिरबल साहनी यांचे उत्तर असे की, तळ्याचा तळच पर्वताबरोबर वर उचलला गेला. मानव पृथ्वीवर अवतरल्यानंतरही हिमालय वाढत होता, हा विचार त्यांनी १९३६ साली मांडला. अश्मयुगीन माणसाला हे पर्वत आजच्याइतके दुर्लंघ्य नसावेत, असे अनुमानही त्यांनी त्यावरून काढले. फळावरून हवामान, हवामानावरून पर्वताची उंची आणि उंचीवरून माणसाच्या वाटा! पीर पंजाल भूशास्त्रीय काळाच्या मानाने अलीकडे उंचावला, हे आजही मान्य आहे.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजला प्रा. सीवर्ड यांच्या हाताखाली शिकून साहनी १९१९ साली परतले आणि १९२१ पासून अखेरपर्यंत लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिले. १९३६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. बिहारातील (आता झारखंडातील) राजमहालच्या टेकड्यांतून त्यांनी उजेडात आणलेल्या वनस्पतींची यादी येथे देत नाही. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

मला अधिक वेधक वाटते ती रोहतकची हकिकत. १९३६ सालीच तेथील खोकराकोट टेकाडावर त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे सापडले. त्यांवर नाण्यांचे ठसे होते. दुसरा एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ ते वस्तुसंग्रहालयाकडे धाडून मोकळा झाला असता. साहनींनी मात्र जीवाश्मांच्या चिकाटीनेच ते तुकडे जुळवले. यौधेय गणाच्या टांकसाळीतले ते साचे होते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. प्रत्येक चकतीवर नाण्यांचे खळगे आणि मधल्या छिद्रापासून त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक पन्हळी. चकत्या एकावर एक रचून वरून वितळलेला धातू ओतला की एका दमात कितीतरी नाणी तयार! भारतीय नाणकशास्त्र परिषदेने हे संशोधन १९४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

सर्वच अनुमाने टिकली नाहीत. आपण उपवासाला वापरतो ते सैंधव ज्या पंजाबी डोंगररांगेतून येते, तिच्या वयाबद्दल मोठा वाद होता. मिठाच्या थरांत साहनींना वनस्पतींचे सूक्ष्म कण आणि कीटकांचे अवशेष दिसले; त्यावरून हे मीठ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, असे ते हिरिरीने मांडत राहिले. ते त्याच्या दसपटीहून जुने आहे, हे आता निश्चित झाले आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाबाबत मात्र ते सत्याच्या बरेच जवळ होते. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये ताड-माडांचे आणि अझोला या पाणनेच्याचे अवशेष मिळतात. त्यांच्या आधारे साहनींनी हा पाषाण तोवर समजला जाई त्यापेक्षा नवा, तृतीयक काळाच्या आरंभीचा ठरवला. आजच्या मोजणीने तो ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे दोन कालखंडांच्या अगदी सीमेवरचा आहे.

पुरावनस्पतींसाठी स्वतंत्र संस्था हवी, हा त्यांचा ध्यास होता. ती १९४६ साली स्थापन झाली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी लखनौला तिच्या इमारतीची कोनशिला बसवली. त्या शिलेत साहनींनी स्वतः ठिकठिकाणचे जीवाश्म जडवले होते. पुढच्याच आठवड्यात, १० एप्रिलला, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. नवजात संस्था तेव्हाच कोसळायची. पण शास्त्राची पदवी नसलेल्या त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी धुरा खांद्यावर घेतली आणि १९५३ साली इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच आवारात साहनींची समाधी आहे. संस्थेच्या नावात आता पुरावनस्पतिशास्त्राऐवजी पुराविज्ञान हा शब्द आहे. तळ्यांच्या गाळातले परागकण मोजून जुना पाऊस ताडण्याचे आणि उत्खननात मिळालेले जळके दाणे ओळखण्याचे काम तेथे चालते.