वेगाचा उपासक : जहांगीर रतनजी टाटा

वेगाची आवड तारुण्यात कोणास नसते? रस्त्यावरून भरधाव मोटार गेली की शाळेतील मुले धावत कुंपणाशी येतात आणि ती दृष्टीआड होईपर्यंत पाहत राहतात. परंतु वेग हा दुधारी असतो. तो मनुष्यास नाशाकडे नेऊ शकतो, तसाच मोठ्या कार्याकडेही नेऊ शकतो. ज्या पुरुषाने आपली वेगाची हौस अखेर देशाच्या कामी लावली, त्या जहांगीर रतनजी टाटा यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

जे. आर. डी. या आद्याक्षरांनी विख्यात झालेल्या या पुरुषाचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे मुंबईचे पारशी व्यापारी व टाटा पेढीचे भागीदार. आई सुझान ही फ्रेंच असून विवाहानंतर तिचे नाव सूनी ठेवण्यात आले. हिंदुस्थानात मोटार हाकणारी पहिली स्त्री म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. तेव्हा वेगाचे वेड मुलास आईकडूनच लाभले असे म्हणण्यास हरकत नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो या गावी कुटुंबाचे उन्हाळी घर होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरिओ हा त्यांचा तेथील शेजारी. वाळूवर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला आणि पंधराव्या वर्षी प्रथम विमानात बसला, तेव्हाच आपण वैमानिक व्हावयाचे असा निश्चय त्याने केला.

पुढे काही काळ त्यांनी फ्रेंच घोडदळात सेवा केली. तेथेच राहण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांनी ती मानली नाही व १९२५ साली मुलास मुंबईस पेढीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसविले. दुसऱ्याच वर्षी वडील वारले आणि बाविशीच्या या तरुणावर कुटुंबाचा भार आला.

याच काळात त्यांच्याजवळ बुगाटी बनावटीची शर्यतीची मोटार होती. मुंबईच्या रस्त्यांवर व पुण्याच्या वाटेवर ती ते विलक्षण वेगाने पळवीत. अशाच एका मोटारीच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घेणे प्राप्त झाले, म्हणून ते जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे गेले. तेथे त्यांच्या पुतणीशी, थेल्माशी, परिचय झाला व १९३० च्या डिसेंबरात उभयतांचा विवाह झाला. दैवाने शिक्षेऐवजी बक्षीस दिले खरे. परंतु रस्त्यावरची ती बेफिकिरी अनुकरणीय नव्हे, हे वाचकांनी विसरू नये.

मुंबईत वैमानिक क्लब निघताच जे. आर. डी. तेथे दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस उड्डाणाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी वैमानिक एकट्याने एका महिन्याच्या आत प्रथम पुरा करील, त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर व जे. आर. डी. असे तिघे या चढाओढीत उतरले. ३ मे १९३० रोजी जे. आर. डी. आपले जिप्सी मॉथ विमान घेऊन कराचीहून पश्चिमेस निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंग्लंडहून पूर्वेस येत होता. त्या वेळी विमानास ना रेडिओ, ना बंदिस्त खोली. हाती नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली वाळवंट.

मिसर देशातील अबूकिर येथील विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या यंत्राचे स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोलच्या वाफेस ठिणगी देणारे भाग, निकामी झाले होते आणि नवे येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रतिस्पर्धी असा खोळंबला असता दुसरा कोणी आनंदाने पुढे गेला असता, आणि नियमाप्रमाणे त्यास कोणी दोषही दिला नसता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्या मुलास दिले. पुढील मार्गात स्वतःचेच यंत्र बिघडले तर काय, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. तरीही त्यांनी दिले. अस्पी कराचीस पोहोचला तो जे. आर. डी. लंडनला पोहोचण्याच्या काही तास आधी, आणि बक्षीस त्यासच मिळाले. मनमोहन सिंग यांनीही प्रवास पुरा केला होता, परंतु महिन्याची मुदत त्यांस साधली नाही. हाच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. त्या प्लगांचे मोल ५०० पौंडांहून किती अधिक होते, हे यावरून दिसेल.

शर्यत हरली, पण वेगाचे खरे काम पुढेच होते. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या साह्याने जे. आर. डीं.नी टपाल विमानाने नेण्याची योजना आखली. सरकारने अर्थसाहाय्य नाकारले, तरी त्यांनी धीर सोडला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते पस मॉथ विमानातून सुमारे ५५ पौंड टपाल घेऊन कराचीहून निघाले व अहमदाबादमार्गे दुपारी दोनच्या सुमारास मुंबईत जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंटने टपाल मद्रासकडे नेले. अहमदाबादेस विमानाकरिता पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! रोहिणखेडच्या घाटात आपली बैलगाडी ज्या संथ चालीने चढते, त्याच चालीने आलेल्या इंधनावर हिंदुस्थानची विमानसेवा उडाली. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून मुक्काम पुण्यास हलवावा लागे. तथापि टपाल वेळेवर पोहोचविण्यात खंड पडू दिला गेला नाही.

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या विमान कंपनीस १९४६ मध्ये एअर इंडिया हे नाव मिळाले आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, याचे त्यांस दुःख झाले. परंतु अध्यक्षपद त्यांनी विनावेतन पुढे चालविले. विमानातील पडद्यांच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत प्रत्येक गोष्ट ते जातीने पाहत. १९७८ मध्ये सरकारने त्यांस त्या पदावरून दूर केले. कडवटपणा मनात न ठेवता १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी एका छोट्या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास एकट्याने पुन्हा केला. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा किताब देण्यात आला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. पॅरिसमध्ये, आपल्या आईवडिलांच्या सान्निध्यात, ते चिरविश्रांती घेत आहेत.

आगाखान यांच्या शर्यतीत कोणास किती तास लागले, हे आज फार थोड्यांस ठाऊक असेल. परंतु अबूकिरच्या तळावर एका स्पर्धकाने दुसऱ्यास काय दिले, हे मात्र लोक अद्याप सांगतात. विद्यार्थी मित्रहो, क्रीडांगणावर असो वा परीक्षेत, पुढे जाण्याची ईर्ष्या अवश्य धरावी. मात्र वाटेत कोणी खोळंबला असेल, तर आपल्या पेटीतील जादा प्लग त्यास देण्याइतके मन मोठे ठेवावे.