हजेरीचे पुस्तक बंद करणारा राजा

छत्रपती शाहू महाराजांचे नाव निघाले की आपल्या जुन्या कोल्हापूरकर घरांतून काही ठरावीक आठवणी हटकून निघतात. खासबागेचे मैदान आणि तेथल्या कुस्त्या, पॅलेस थिएटर, शाहूपुरीची पेठ, राधानगरीचे धरण. ज्या घरांत तंबोरा आहे तेथे अल्लादियाखाँसाहेबांचे नाव महाराजांच्या नावाला जोडूनच घेतले जाते. खाँसाहेबांसारखा गवई या गावी राहिला आणि जयपूरची गायकी येथे रुजली, ती महाराजांच्या आश्रयामुळेच. या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या जपल्या पाहिजेत. तथापि महाराजांच्या कारकीर्दीतील एक काम असे आहे की ज्याचा उल्लेख आपल्या बैठकांतून क्वचितच होतो. १९१८ साली त्यांनी आपल्या राज्यातील महार, मांग, रामोशी व बेरड या जातींची पोलीस हजेरी बंद केली, ते हे काम होय.

हे आज आठवण्याचे कारणही आहे. माणसाची जात, धर्म किंवा कूळ पाहून जे गुन्हे केले जातात त्यांना निराळा कायदा हवा की नेहमीचा फौजदारी कायदाच पुरे, आणि तो राबविणारे पोलीस खाते कसे सुधारावे, हा वाद सध्या पुन्हा रंगला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक सरकारने अशा द्वेषमूलक गुन्ह्यांविषयीचे विधेयक मांडले, तेव्हा सीमाभागातील चहाच्या टेबलांवरही हाच विषय होता. एका बाजूचे लोक म्हणत की निराळ्या कायद्याशिवाय दुबळ्याला दाद मिळत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणत की असा कायदा पोलिसांच्या हाती दिला तर त्याचा गैरवापर होईल. या दोन्ही प्रश्नांशी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच राजाची गाठ पडली होती. त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे.

कागलचे यशवंतराव

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पश्चात राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि नऊ वर्षांचा हा मुलगा कोल्हापूरच्या गादीचा धनी झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडास फ्रेजर साहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या.

१८९९ सालच्या वेदोक्त प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे पाल्हाळ नको. पंचगंगेच्या घाटावर स्वतःच्या पुरोहिताकडून राजाला आपली पायरी ऐकावी लागली, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. महाराजांच्या हाती सत्ता होती, म्हणून त्या अपमानाची चौकशी झाली, निकाल लागला, इनामे जप्त झाली. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने असा अपमान झाल्यावर कोठे जावे, हा प्रश्न त्यानंतर महाराजांच्या कारभारात वारंवार दिसू लागतो. २६ जुलै १९०२ चा, मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा देणारा जाहीरनामा सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची पायरी पोलीस आणि चावडीची होती.

चावडीवरील पुस्तक

हजेरी म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. काही जातींचे लोक जन्मतःच चोर असतात असे सरकार धरून चाले. त्या जातींतील माणसाने ठरलेल्या वेळी चावडीवर पोलीस पाटलासमोर हजर व्हावे, आपले नाव पुकारले की ओ द्यावी आणि मग घरी जावे. परगावी जायचे तर आधी परवानगी काढावी लागे. स्वतः कधी कोणाच्या सुतळीच्या तोड्यालाही हात लावलेला नसला तरी सुटका नव्हती. आईबापांच्या जातीमुळे त्याचे नाव पुस्तकात चढलेले असे. अशा माणसाला चार कोसांवर सुगीचे काम मिळाले तरी मुक्कामाला राहता येत नसे. लेकीच्या सासरी आजारपण निघाले तरी आधी पाटलाची मर्जी पाहावी लागे. गावात घर फुटले की तपास त्याच पुस्तकापासून सुरू होई.

वास्तविक रामोशी व बेरड हे पूर्वी किल्ल्यांचे व गावांचे राखणदार. इंग्रजी अंमलात किल्ले ओस पडले, राखणीचे काम गेले आणि ज्यांच्या भरवशावर गाव झोपत असे त्यांच्यावरच गाव संशय घेऊ लागले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला, आणि सोलापूर, विजापूर, हुबळी येथे अशा लोकांच्या बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या.

या पार्श्वभूमीवर महाराजांचा १९१८ चा हुकूम पाहिला पाहिजे. त्या काळी सरहद्दीचा नकाशा मोठा गुंतागुंतीचा होता. निपाणी, बेळगाव, खानापूर हा मुलूख इंग्रजांचा. माउलीदेवीचे गुंजी हे लोंढ्याच्या अलीकडचे गावही त्यातच. उलट, आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग आणि कटकोळ त्या वेळी कोल्हापूर संस्थानात होते. तेव्हा एकाच जातीचे, एकाच बोलीचे, एकमेकांच्या घरी सोयरीक असणारे लोक दोन निरनिराळ्या अंमलांखाली राहत. रायबागच्या बेरडाला कोल्हापूरच्या राजाने हजेरीतून मोकळे केले. गुंजीकडच्या माणसाला त्या हुकुमाचा काही उपयोग नव्हता. माणूस तोच असून केवळ शिवेच्या दगडामुळे एका बाजूस तो रयत ठरे आणि दुसऱ्या बाजूस संशयित.

त्याच १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनही रद्द केले. या तिन्ही हुकुमांचा एकत्र विचार करावा लागतो. नुसती हजेरी बंद केली असती तर चावडीवरचा माणूस तोच राहिला असता आणि दुसऱ्या एखाद्या नावाने त्याने तेच चालविले असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत पाटीलकी किंवा कुलकर्णीपण होते. त्या पुस्तकात नावे लिहिणारे हात आपल्याच आजे-पणज्यांचे होते, हे सांगताना संकोच वाटतो. परंतु ते न सांगता महाराजांचे चरित्र सांगणे खरेपणाचे होणार नाही.

ज्या फासेपारध्यांना गावात कोणी उभे करीत नसे त्यांना महाराजांनी सोनतळीच्या छावणीवर पहाऱ्याचे काम दिले. पोलिसांनी ज्यांच्या पाळतीवर राहावे असे सांगितले जाई, त्यांच्याच पहाऱ्यात राजा निर्धास्त झोपे. अस्पृश्य तरुणांना पोलिसांत व इतर खात्यांत नोकऱ्या दिल्या, काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. तक्रार ऐकणारा, ती लिहून घेणारा आणि कोर्टात मांडणारा यांपैकी कोणीतरी आपल्यातला असावा, म्हणजे दाद मागण्याचा धीर येतो, हा त्यामागचा हिशेब होता.

गंगाराम कांबळे

राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला त्याने हात लावला, म्हणून पागेतल्याच इतर नोकरांनी त्याला बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. ते परतल्यावर सोनतळीला गंगारामाने पाठीवरचे वळ दाखविले. महाराज संतापले, मारणाऱ्यांना बोलावून त्यांनी स्वतः चाबकाने फोडले. पुढे गंगारामाला पैसे देऊन धंदा काढण्यास सांगितले. त्याने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल उघडले. परंतु महाराच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्याच्या दारात थांबवून चहा मागवू लागले, बरोबरच्या सरदारांनाही घ्यावयास लावू लागले.

ही हकीकत कोल्हापुरात आबालवृद्धांस ठाऊक आहे आणि ती सांगताना चाबकाच्या प्रसंगाशी ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात. परंतु चाबूक हा न्याय नव्हे. ज्यांना फटके बसले त्यांची बाजू कोणी ऐकली नाही, कोठे अपील नव्हते. शिवाय गंगाराम पागेत होता म्हणून राजापर्यंत पोहोचला; भुदरगडच्या किंवा रायबागच्या एखाद्या वाडीत ज्याला मार बसला असेल तो सोनतळीला कसा येणार? एका माणसाच्या पाठीवरील वळ एका राजाने पाहिले, एवढ्यावर राज्य चालत नाही, हे महाराजांनाही कळले असले पाहिजे. कारण १९१९ साली त्यांनी जे हुकूम काढले त्यांत राजाच्या रागाला जागा नाही. नियम आहेत आणि ते मोडल्यास परिणाम आहेत.

त्या वर्षी सरकारी दवाखाने, शाळा, धर्मशाळा, विहिरी, कचेऱ्या येथे शिवाशिव पाळू नये असे त्यांनी फर्माविले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसविले. या हुकुमांतील एक अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या अधिकाऱ्याला अस्पृश्यांशी बरोबरीने वागणे पसंत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. म्हणजे सक्तीचा पहिला रोख गावातल्या उर्मट माणसावर नसून खुर्चीत बसलेल्या नोकरावर होता. त्याच साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारे नियमही निघाले. घराच्या आतला जुलूम हीसुद्धा सरकारने पाहण्याची बाब ठरली.

हद्दीपलीकडे काय झाले याची तुलना करता येते. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. त्या ठरावाच्या आधारे मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांना गावात गाठून मारण्यात आले. ठराव होता, तो पाळून घेण्याची जबाबदारी मात्र कोणा अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलेली नव्हती.

महाराजांच्या मागे

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना जाहीर पाठिंबा दिला. दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे ४७. एवढ्या वेगाने काढलेले हुकूम ज्या इच्छाशक्तीवर उभे होते ती गेली, आणि खेड्यापाड्यांतून जुनी वहिवाट हळूहळू परत आली. राजाच्या मर्जीवर मिळालेले संरक्षण राजाबरोबर जाऊ शकते, हा त्या कारकीर्दीचा उणा भाग आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला, १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरली आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधाचा कायदा आला. या शेवटच्या कायद्याच्या चौथ्या कलमात, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगितली आहे. कोल्हापूरच्या सहा आठवड्यांच्या अटीचे हे थोरले भावंड म्हणावयास हरकत नाही.

तथापि कलम असणे आणि ते चालणे यांत अंतर राहते. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंग यांच्या अर्जावर पोलीस सुधारणेचे आदेश दिले: अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्यावी, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमावे. बरोबर सात दिवसांनी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांचा जमावाने खून केला. २००८ साली मारेकऱ्यांना शिक्षा झाली. पण हा गुन्हा जातिद्वेषातून झाला असे धरून अत्याचाराचा कायदा लावण्यास न्यायालयाने मान्यता दिली नाही. पुढे कराडच्या एका प्रकरणावरून २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली अटकेपूर्वी चौकशी व परवानगी आवश्यक केली, आणि त्याच वर्षी संसदेने ती अट काढून टाकली. खोट्या फिर्यादीची भीती बाळगणारे आणि खरी फिर्याद नोंदलीच जात नाही असे म्हणणारे, दोघेही अखेर एकाच माणसावर अविश्वास दाखवीत होते: ठाण्यातल्या टेबलामागे बसलेल्या माणसावर.

शाहू महाराजांनी प्रथम त्याच माणसाची व्यवस्था लावली. आधी त्याच्या हातून अन्यायाचे पुस्तक काढून घेतले, मग त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचा माणूस बसविला आणि शेवटी त्याला सांगितले की हे जमत नसेल तर नोकरी सोड. निराळा कायदा असावा की नसावा याविषयी आपले मत काहीही असो, या क्रमाचा विचार दोन्ही पक्षांना करावा लागेल.

महाराजांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले. ते उभारण्यात पुढाकार होता गंगाराम कांबळे आणि त्यांच्या अस्पृश्य सोबत्यांचा, सरदार-दरकदारांचा नव्हे. २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो, मिरवणूक निघते, हार घातले जातात. येत्या जयंतीला आपल्या गावच्या चावडीत १९१८ चा हजेरीबंदीचा हुकूम मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तो ऐकावयास ठाण्याच्या फौजदारांनाही बोलवावे, एवढी सूचना वाचकांपुढे ठेवतो.