हवेतल्या ओलाव्याचा हिशेब मांडणारा अभियंता

एप्रिल उजाडला की शहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एकच संवाद ऐकू येतो. खोली दहा बाय बाराची, मग एक टनाचा विंडो एसी पुरेल की दीड टनाचा घ्यावा? हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची ती क्षमता. तासाला १२,००० बीटीयू. बर्फाच्या वखारींच्या काळातले हे माप आजही टिकून आहे. आणि त्या मापात पहिला मोठा हिशेब मांडणाऱ्यांपैकी एक होता अमेरिकेतील विलिस हॅविलँड कॅरियर.

कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक त्याच्या डोक्यात शिरत नसत. आईने सफरचंदे आणवून ती निरनिराळ्या भागांत कापली व बेरीज-वजाबाकी त्या फोडींवर शिकवली. तो अकरा वर्षांचा असताना ती गेली. अवघड प्रश्नाचे तुकडे करून पाहण्याची सवय मात्र त्याला जन्मभर पुरली. शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियंता होऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला दहा डॉलर पगारावर रुजू झाला.

वर्षभरातच ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्याच्याकडे आली. तेथे रंगीत छपाई होत असे. एक रंग छापून झाला की कागद पुन्हा यंत्रावर चढे. पण मधल्या वेळात दमट हवेने तो फुगे किंवा कोरड्या हवेने आकसे आणि दुसरा रंग जागेवर बसत नसे. कागदाची नासाडी आणि वेळेचा खोळंबा, दोन्हीही मालकाला परवडणारे नव्हते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या यंत्राने पुढे माणसाला गारवा दिला, त्याचा जन्म माणसासाठी झालाच नाही; तो कागदासाठी झाला. १७ जुलै १९०२ या तारखेच्या आराखड्यांत कॅरियरने थंड नळ्यांवरून हवा खेळवून आर्द्रता बारमाही ५५ टक्क्यांवर ठेवण्याची योजना मांडली. तिची शीतन क्षमता दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळण्याइतकी, म्हणजे आजच्या भाषेत ५४ टन होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर तो गाडीची वाट पाहत उभा होता. भोवती दाट धुके. धुक्यातली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, तरी थंडीमुळे तिच्यात एकूण पाणी थोडेच असते, हे त्याच्या मनात आले. मग थंड पाण्याच्या तुषारांतून हवा नेली तर? पाण्याचे तापमान ठरवले की हवेतला ओलावा ठरला! पाण्याने हवा कोरडी करण्याची ही कल्पना ऐकणाऱ्याला वेडगळ वाटावी अशीच. पण २ जानेवारी १९०६ रोजी तिला पेटंट मिळाले. तापमान, दवबिंदू आणि आर्द्रता यांचे नाते सूत्रांत बांधणारा निबंध त्याने १९११ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचला. वातानुकूलनाचे विद्यार्थी आजही त्याच पायावरचा आलेख गिरवतात.

१९१४ मध्ये युद्धाच्या सावटाखाली कंपनीने हा विभाग गुंडाळायचे ठरवले. तेव्हा कॅरियर व त्याचे सहा सहकारी अभियंते यांनी जेमतेम ३२,६०० डॉलर गोळा करून १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. नोकरी सोडून असे धाडस करायला तो काळ मुळीच अनुकूल नव्हता. सुरुवातीची गिऱ्हाइके बहुतेक कारखानेच होती. जुनी शीतयंत्रे अवाढव्य, त्यात विषारी अमोनिया. गर्दीच्या जागी ती बसवणे धोक्याचे. १९२२ मध्ये कॅरियरने केंद्रोत्सारी शीतयंत्र लोकांसमोर आणले आणि ही अडचण दूर झाली. मे १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्याची कसोटी होती. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, प्रेक्षक हातपंखे हलवत बसले. गारवा हळूहळू पसरला आणि एकेक पंखा थांबत गेला. चित्रसम्राट अॅडॉल्फ झुकर सज्जात बसून हे पाहत होता.

घरांची कथा निराळी. खिडकीत बसणाऱ्या यंत्राचे श्रेय शुल्ट्झ आणि शर्मन यांना दिले जाते, कॅरियरला नव्हे. आणि ती यंत्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. परंतु त्यांची निवड करताना कॅरियरचाच हिशेब लागतो. साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन हा आपल्याकडचा ठोकताळा. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, माणसांची वर्दळ असेल तर त्यात भर. मात्र मुंबईसारख्या दमट शहरात उगाच मोठे यंत्र घेतले तर ते खोली झटपट गार करून बंद पडते. ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार असूनही अंग चिकचिकत राहते.

मंदीच्या तडाख्यात १९३० साली कॅरियरची कंपनी अन्य दोन कंपन्यांत विलीन झाली, १९३७ मध्ये कारभार सिराक्यूजला हलला. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याच्या कंपनीने इग्लूच्या आकाराचे दालन उभारले होते. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियरचे निधन झाले, तेव्हा बहुतेक अमेरिकी घरांच्या खिडक्या उन्हाळ्यात उघड्याच असत.