कुलकर्णीपण सोडून फडावर उभे राहिलेले पठ्ठे बापूराव

मुळशी-मावळापासून सांगली-साताऱ्यापर्यंत गावच्या यात्रेत तमाशा उभा राहिला की आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. ढोलकी कडाडली की मागची पोरंही पुढे सरकतात. याच बोर्डावर एकेकाळी एका नावाची जबरदस्त चलती होती, पठ्ठे बापूराव.

खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा, आत्ताच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष गावात. ब्राह्मणाचं घर, गावचं कुलकर्णीपण. म्हणजे वहीखातं सांभाळायचं आणि मानानं जगायचं. पण पोराचा जीव रमला तो लावणीत.

त्या काळी तमाशाचे फड प्रामुख्यानं महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचे. कुलकर्ण्याच्या मुलानं त्यांच्यासाठी गाणी रचणं एक वेळ खपलं असतं. हे गडी थेट फडातच जाऊन राहिले. घरदार, वतन, जात सगळंच सुटलं.

पुढे फडात आली पवळा. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली. रूप, गळा आणि अदाकारी असं सगळं तिच्याकडे होतं. बापूरावांचे शब्द आणि पवळाचा आवाज या जोडीनं मुंबईची थिएटरंही गाजवली. 'मिठाराणी'सारखा वग लोकांनी डोक्यावर घेतला. त्यांच्या लावण्यांचा आकडा तर दोन लाखांवर सांगतात. तो सोडून द्या, पण त्यांच्या रचना फडाफडांत पोचल्या होत्या हे नक्की. पुढे मात्र जोडी फुटली आणि पवळा वेगळी झाली.

एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं. महार स्त्रियांना बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ज्यांच्यासाठी जात सोडली, त्यांच्याच लढ्यात बापूरावांची कमाई चालली नाही. आणि जात सोडण्याची मुभा बापूरावांना होती, पवळाला नव्हती, हेही खरंच.

उतारवयात हाती काही उरलं नाही. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात, हलाखीतच ते गेले. पाच वर्षांनी, १९५० साली, 'पठ्ठे बापूराव' नावाचा सिनेमा आला आणि लोक तिकीट काढून त्यांची गोष्ट बघायला गेले.