जगन्नाथाच्या द्वारातून परतलेला भक्त

दीपावली आली म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार येथील धाम नदीचा काठ आम्हांस हटकून आठवतो. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, आचार्य विनोबा भावे यांनी अन्न, पाणी व औषध यांचा स्वेच्छेने त्याग करून तेथे देह ठेवला. त्यांचे भूदान सर्वश्रुत आहे. आज आम्ही निवेदन करणार आहोत ते त्यांच्या ख्रिस्तधर्माच्या अध्ययनाविषयी. कारण त्या अध्ययनाची कसोटी अखेर देवळाच्या उंबरठ्यावर लागली.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या गावी विनोबांचा जन्म झाला. भक्तीचे बाळकडू त्यांना मातोश्री रुक्मिणीबाईंकडून मिळाले. १९२१ साली ते वर्ध्यास आले, १९३८ साली पवनारला राहू लागले. गीतेला ‘गीताई’चे मराठी लेणे चढविणारा हा पुरुष स्वधर्मात किती खोल रुजला होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आणि मुळे खोल गेली होती, म्हणूनच शाखा दूरवर पसरल्या.

कुराण समजावे म्हणून ते अरबी शिकले. बायबलचेही त्यांनी दीर्घ मनन केले. ख्रिस्तधर्म म्हणजे केवळ गोऱ्या राज्यकर्त्यांचा धर्म, असा आपल्याकडे एक समज होता. वस्तुतः त्यात रोमचे कॅथलिक, पूर्वेकडील सनातन मंडळ्या, प्रॉटेस्टंटांचे नाना पंथ असा मोठा विस्तार आहे. केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाज आपली परंपरा येशूचे शिष्य संत थॉमस यांच्यापर्यंत नेतो. आपल्या मराठीतही फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले. विनोबांनी पंथांच्या वादात न शिरता नव्या करारातील वचने वेचून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. खंडनासाठी वाचणे वेगळे आणि साधनेसाठी वाचणे वेगळे. विनोबांचे वाचन साधकाचे होते.

ग्रंथाविषयी आदर बाळगणे सोपे. त्या ग्रंथाच्या माणसाचा हात धरणे कठीण. १९५५ साली पदयात्रेत विनोबा जगन्नाथपुरीस गेले. सोबत एक फ्रेंच भगिनी होती. तिला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा दर्शनाची ओढ असूनही ते द्वारातूनच परतले. १९५७ साली केरळात गुरुवायूरलाही ख्रिस्ती सहकाऱ्यांना आत नेता येईना, म्हणून तेही बाहेरच राहिले. कोठे हट्ट नाही, कोणाचा धिक्कार नाही.

पुढे १९५८ साली ते पंढरीस आले. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने हरिजनांस खुले झालेले ते राऊळ या वेळी विनोबांच्या ख्रिस्ती व मुसलमान सोबत्यांसही खुले झाले. त्या सर्वांसह विठ्ठलापुढे उभे राहताच त्यांच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या.

आम्ही आयुष्यभर देवळांत कीर्तन केले. मर्यादेचे महत्त्व आम्ही जाणतो, परंपरेचा मानही राखतो. तरीही पुरीच्या द्वारातून परतणारी ती पावले आठवली की आम्हांस वाटते, त्या दिवशी दर्शन हुकले ते विनोबांचे नव्हे. आज दारी पणती लावताना वाचकांनी एवढेच स्मरावे, की पणतीचा प्रकाश उंबरठ्याच्या आत पडतो, तसाच बाहेरही पडतो.