डिग्री नव्हती, पण शिडी होती

कोहमाऱ्याच्या चौकात गाडीची वाट बघत तुम्ही कितीदा तरी उभे राहिला असाल. इकडे नवेगावबांध, तिकडे नागझिरा. मे २०२३ मध्ये नागझिऱ्यात दोन वाघिणी सोडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर होती. कॅनडात कॅरिबूच्या कळपांचा मागही असाच काढतात. आपल्याकडे मात्र कॉलरच्या खूप आधी आली पक्ष्याच्या पायातली कडी. आणि ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली सलीम अलींनी.

पक्ष्यांची पुस्तकं लिहिणारे म्हातारे गृहस्थ, एवढंच तुम्हाला माहीत असेल. पण तिशीतले सलीम अली बघा. जन्म मुंबईचा, १८९६ चा. लहानपणीच आई-वडील गेलेले. युनिव्हर्सिटीची डिग्री नाही, म्हणून सरकारी पक्षीतज्ज्ञाची नोकरी हुकली. बर्लिनला जाऊन पक्षीशास्त्र शिकले आणि १९३० मध्ये परत येतात तर म्युझियममधली जुनी जागाही पैशाअभावी बंद! प्लेसमेंटचं टेन्शन काय फक्त आपल्यालाच असतं?

मग ते बायकोबरोबर अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. रिकामा वेळ भरपूर. शिडीवर बसायचं आणि कोणतं घरटं कुणी बांधलं, कोणती मादी कधी आली, रोज टिपून ठेवायचं. त्यातून कळलं ते भारी होतं. नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पूर्ण करून देतो आणि लगेच दुसरं घरटं, दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. एकही पक्षी न मारता लागलेला हा शोध. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुतेक वेळा बंदूकच.

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला सुरुवात केली. कर्नाटकात माकडतापाची साथ आली होती आणि स्थलांतरित पक्षी विषाणू आणतात का, हे तपासायचं होतं. कामाची पद्धत साधी: पक्षी जाळ्यात धरा, नंबर असलेली हलकी कडी पायात घाला, सोडून द्या. तोच पक्षी दूर कुठे सापडला, की त्याचा रस्ता कळतो.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करते ती भरतपूरची गोष्ट. तिथल्या पाणथळीत म्हशी चरू नयेत, असं सलीम अलींचंही मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी भडकले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर गवत इतकं माजलं की पाणीच झाकलं गेलं आणि पक्ष्यांना जागा उरेना. हे दाखवून दिलं कुणी? बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासाने. म्हणजे ज्या नोंदी ठेवण्याची शिस्त सलीम अलींनी लावली, तिनेच त्यांचं मत खोडलं. अंतिम अहवाल येण्याआधीच, १९८७ मध्ये ते गेले होते.

आपल्या जंगलालगतच्या गावांतही गुरं चरतात, त्यामुळे तो अहवाल मला परका वाटत नाही.

गोंदियात दर जूनमध्ये सारसांची मोजणी होते. धानाच्या बांध्यांजवळ, तळ्याकाठी, उजाडायच्या आत हजर राहावं लागतं. अलार्म लावता येत असेल, तर यंदा या.